दहा धुण्यांनंतर

लघवी या विषयावर आमच्या गल्लीत माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही! हसू नका. तुमचंही वय झालं की तुम्ही माझ्या खुर्चीत येऊन बसाल, आरशातून माझ्याकडे बघाल आणि हळूच म्हणाल, "जरा एक विचारू का?" सगळे असंच म्हणतात. माणूस डॉक्टरला अर्धं सांगतो, बायकोला काहीच सांगत नाही, पण गळ्याशी वस्तरा असला की घडाघडा बोलतो.

माझं केस कापायचं दुकान आहे. दहा वर्षांपूर्वी ते बंद पडायच्या बेतात होतं आणि त्याला कारण मीच होतो. गिऱ्हाईकाचा एक गाल झाला की मला कळ यायची. मी धावायचो. आत जाऊन उभा राहायचो, नुसता उभा! येणार येणार म्हणता चार थेंब यायचे. परत यावं तर गिऱ्हाईकाच्या दुसऱ्या गालावरचा साबण वाळून त्याचे पापुद्रे झालेले. पुन्हा ब्रश फिरवा, पुन्हा वस्तरा उचला, की पुन्हा कळ! एका गृहस्थाला घाई होती. तो अर्धी दाढी तशीच घेऊन मुलीच्या शाळेतल्या पालकसभेला गेला. पुन्हा कधी दुकानाची पायरी चढला नाही.

मग मी डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, प्रोस्टेट वाढलंय. म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते, ती म्हातारपणी फुगते आणि वाट अडवते. कॅन्सर नाही, काही नाही, नुसती फुगते आणि माणसाची रया घालवते. त्यांनी लेझरनं आतली वाढ काढून टाकली. ना टाका, ना चिरा! दोन दिवस लघवीसाठी घातलेली नळी काढली आणि मी पहिल्यांदा मोकळा झालो, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. त्याला वाटलं, पाइप फुटला!

तेव्हापासून मी लेझरचा झेंडा खांद्यावर घेतला तो घेतलाच. केस कापायला आलेल्याला कटिंगबरोबर लेझर फुकट. किती जणांना मी त्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि किती जण परत येऊन माझा हात हातात घेऊन रडले, याची मोजदाद नाही. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं. घरातच एक माणूस असा होता की तो माझं ऐकेना!

हे माझे मेहुणे. बायकोचे थोरले भाऊ. त्यांची स्वतःची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, म्हणून आमच्याच घरी मागच्या खोलीत राहायचे. पेशानं शिंपी. कोट शिवावा तर त्यांनीच! त्यांची वाट पूर्ण बंद झाली तेव्हा डॉक्टरांनी नळी घातली आणि मांडीला पिशवी बांधली. महिनाभराची सोय म्हणून घातलेली ती नळी मेहुण्यांनी कायमची मानली. पिशवीसाठी त्यांनी पँटच्या आतून खास खिसा शिवला, अस्तराचा, गुंडीचा. वर मलाच म्हणाले, "दाजी, मी बसल्या जागी कोट पुरा करतो. तुम्हाला अजून उठावं लागतं!"

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. त्या नळीमुळे त्यांना दोनदा ताप आला होता. असा ताप, की अंगावर तीन पांघरुणं घालून वर माझी बायको बसली तरी खाट हलत होती. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "ही नळी म्हणजे जंतूंचा जिना आहे. लेझर करून घ्या आणि नळी काढून टाकू. पुढचा ताप रक्तात उतरला, तर माझ्या हातात काही राहणार नाही." बायको त्या दिवसापासून नीट जेवली नाही. तिला हा एकच भाऊ. आईबाप गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं, तिच्या लग्नाचे कपडेसुद्धा त्यानंच शिवले.

पण मेहुणे ढिम्म! आपल्याला लेझरची भीती वाटते हे कबूल करतील तर ते शिंपी कसले! ते शिंप्याच्या भाषेत बोलायचे.

"दाजी, कोरं कापड सगळंच छान दिसतं. दुकानदार थान उलगडतो, हात फिरवतो, आपण भुलतो. कापडाची खरी जात दहा धुण्यांनंतर कळते. तुमचं ते लेझर दहा धुण्यांनंतर कसं राहतं, ते सांगा."

"अहो दादा, मी समोर उभा आहे ना! दहा वर्षं झाली मला! मीच तुमचं दहा वेळा धुतलेलं कापड!"

"मग कसं आहे?"

"एक नंबर! धबधबा!"

"बघू," म्हणायचे आणि मशीन चालवायला लागायचे.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. धबधबा खरा होता, पण गेल्या वर्षापर्यंत. त्यानंतर त्याचा ओढा झाला आणि अलीकडे ओढ्याचाही चिखल झाला होता. मी संडासात जाऊन भिंतीला टेकायचो आणि बाहेरून बायकोचा आवाज यायचा, "अहो, डोळा लागला का आत?" मी म्हणायचो, "विचार करतोय!" आता मला सांगा, ज्याच्या सांगण्यावरून अर्धा गाव ऑपरेशनला आडवा झाला, त्यानं स्वतः कोणत्या तोंडानं डॉक्टरकडे जायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी कोणाला काही बोललो नाही.

आणि नेमका तेव्हाच हॉस्पिटलमधून फोन आला! ज्यांना लेझर करून दहा वर्षं झाली त्यांना तपासणीला बोलावत होते. इतक्या वर्षांनी धार कशी आहे, मूत्राशय रिकामं होतं का, पुन्हा काही करावं लागलं का, हे त्यांना बघायचं होतं. फोन बायकोनं घेतला. माझं घोडं तिथेच अडलं. मी घेतला असता तर "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला असता!

बायको तडक मागच्या खोलीत गेली. "दादा, तू म्हणतोस ना, दहा धुण्यांनंतर कसं राहतं? चल आमच्याबरोबर. तिथलं मशीन म्हणे धार मोजून कागदावर रेघ काढतं. ती बघितलीस, मग तर पटेल?"

मेहुण्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मग म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही. दाजींची रेघ चांगली आली, तर त्याच दिवशी लेझरची तारीख घेतो. शब्द दिला."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू! लग्नाच्या दिवशीसुद्धा तिनं माझ्याकडे इतक्या आशेनं पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "बघाच तुम्ही!" आणि गुपचूप संडासात जाऊन बघून आलो. चार थेंब!

तरी मी हिंमत सोडली नाही. मी एक योजना आखली. धार कमी येते कारण साठा कमी असतो, हे माझं शास्त्र. तेव्हा सकाळपासून पाणी प्यायचं, एक थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि ऐन वेळी धरणाचे दरवाजे उघडायचे! सकाळी उठल्यापासून मी तांब्यामागून तांब्या रिचवला. निघताना बायकोनं आणखी एक बाटली भरून हातात दिली. "तिथे पाहिजे म्हणतील पाणी," म्हणाली. बिचारी!

हॉस्पिटलच्या त्या व्हरांड्यात जे दृश्य होतं ते विसरता येणार नाही. भिंतीला लागून बाक आणि बाकांवर ओळीनं म्हातारे, सगळ्यांचे गुडघे एकमेकांना चिकटलेले! सगळे तट्ट फुगलेले आणि कोणी कोणाशी बोलायला तयार नाही. मध्येच दार उघडायचं, मशीनवाल्या बाई ओरडायच्या, "पुढचे!" आणि एक म्हातारा चालताना सांडेल की काय अशा चालीनं आत जायचा. माझा नंबर येता येईना. मेहुणे मात्र पाय पसरून निवांत बसले होते. पिशवीवाल्याला कसली घाई!

"दाजी, तोंड का असं?"

"काही नाही. भरून आलंय."

"पुढचे!"

मी आत गेलो. छोटीशी खोली, मधोमध एक नरसाळं, त्याखाली भांडं, त्याखाली मशीन. भांड्यात किती पडतं आणि किती वेगानं पडतं, ते मोजून मशीन कागदावर रेघ काढतं. रेघेचा डोंगर झाला तर तुम्ही पास. रेघ जमिनीलगत सरपटत गेली तर नापास. बाईंनी हे सगळं समजावलं, बटण दाबलं, "झालं की हाक मारा, काका," म्हणाल्या आणि दार ओढून गेल्या.

मी उभा राहिलो. काही नाही. शीळ घातली. काही नाही. डोळे मिटून नदी आठवली, पाठोपाठ समुद्र आठवला. काही नाही! पोट ढोलासारखं टणक आणि खाली दोन थेंब, तेही उपकार केल्यासारखे. घाम फुटला तो मात्र धो धो! डॉक्टर लोकांना हे माहीत असतं की फार वेळ दाबून धरलं तर अशी अडलेली वाट पुरतीच बंद होते. पण मी कोणाला विचारलं होतं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर भरलेला होता आणि रिकामा होत नव्हता!

दाराबाहेर मेहुण्यांचा खोकला ऐकू आला. त्या खोकल्यानं माझ्या मनात काय काय आलं! रेघ सरपटत गेली की ते उठणार, पिशवी सावरत घरी जाणार, आणि पुढचा ताप... बायको त्या पांघरुणांवर बसलेली मला दिसली. आणि खरं सांगायचं तर, ती रेघ गल्लीभर झाली तर माझं काय होईल, हेही दिसलं. हातात बाटली होती. ती बायकोची, तोंडापर्यंत भरलेली.

मी टोपण काढलं.

आयुष्यभर मी लोकांच्या डोक्यावर पाणी सोडलंय हो, कानात थेंब न जाऊ देता! हात असा स्थिर, धार अशी गोल! आधी हळू, मग भरभरून, मग शेवटाला हलके हलके आवरती, अगदी निसर्गासारखी. वर दोन झटकेही दिले. बाटली खांद्यावरच्या कापडी पिशवीत टाकली आणि हाक मारली, "बाई, झालं!"

बाईंनी कागद फाडला, बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला. "काका, तुमचं वय काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"माझ्या मुलाची अशी येणार नाही!" त्या म्हणाल्या आणि शेजारच्या खोलीतल्या दोघींना बोलावून आणलं. त्या दोघींनी आणखी कोणाला बोलावलं. बाहेर बाकांवरचे म्हातारे माना उंचावून बघायला लागले. एक म्हणाला, "कोणत्या डॉक्टरनं केलंय?" मी कॉलर सरळ केली. पोटात कळा येत होत्या, पण चेहऱ्यावर काय तेज!

मेहुण्यांनी तो कागद हातात घेतला. खिडकीपाशी नेला, उजेडावर धरला, उलटा करून बघितला, रेघेवरून अंगठा फिरवला. जन्मभर ज्या हातानं त्यांनी कापड पारखलं त्याच हातानं. मग ते माझ्याजवळ आले आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"दाजी, मला फार भीती वाटत होती हो. तारीख घ्या."

बायको तिथेच बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मला वाटलं, जिंकलं! एवढ्यावर ती गोष्ट थांबली असती तर मी आज तुम्हाला हे सांगत बसलो नसतो.

"काका, सोनोग्राफी राहिली," बाई म्हणाल्या. "लघवी झाल्यावर आत किती उरलं ते बघायचं असतं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाकीचं सगळं जागेवर होतं!

सोनोग्राफीला एक शिकाऊ डॉक्टर होता. त्यानं पोटावर ते थंडगार मलम लावलं, यंत्र फिरवलं. पुन्हा फिरवलं. म्हणाला, "काका, आत्ता तुम्ही एवढी लघवी केलीत आणि अजून एवढी आत आहे?" मी म्हणालो, "घराण्यातच आहे आमच्या." तो हसला नाही. यंत्र कमरेकडे सरकवलं. "दोन्ही किडन्या सुजल्यात," तो पुटपुटला.

तेवढ्यात मशीनवाल्या बाई भांडं घेऊन आत आल्या. त्यात त्यांनी तपासायची पट्टी बुडवून पाहिली होती. "डॉक्टर, ह्यांच्या लघवीत काहीच नाही. मीठ नाही, रंग नाही, वास नाही. हे नुसतं पाणी आहे!"

शिकाऊ डॉक्टर पांढराफटक पडला. "किडन्या सुजलेल्या आणि लघवी म्हणजे नुसतं पाणी! किडन्या काही गाळतच नाहीयेत! खुर्ची आणा! चाकांची! लवकर!"

मला खुर्चीत घातलं. व्हरांड्यातून माझी वरात निघाली. एकजण पुढे "बाजूला व्हा" ओरडतोय, एकजण सुई टोचायला माझ्या दंडात शीर शोधतोय. आत्ताच माझ्या धारेचं कौतुक करणारे म्हातारे भिंतीला चिकटले. बायको खुर्चीच्या कडेनं धावत होती. "काय झालं ह्यांना? अहो, तुम्ही मला काहीच का बोलला नाहीत?"

"किडन्या निकामी होतायत बहुतेक," शिकाऊ डॉक्टर म्हणाला.

मेहुणे समोर उभे होते. त्यांनी विचारलं, "हे लेझरमुळे झालं का?"

"आत्ताच सांगता येत नाही," तो गडबडीत म्हणाला. "दहा वर्षांनंतर काय काय होतं, तेच तर बघतोय आम्ही!"

मेहुण्यांनी हातातल्या कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

आता मात्र माझ्या पाचावर धारण बसली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! ज्या रेघेनं त्यांना आडवं व्हायला राजी केलं, तीच रेघ आता लेझरनं माणूस मरतो म्हणून सांगत होती. मी खुर्चीतून ओरडलो, "अहो, किडन्या ठीक आहेत! ते पाणी आहे!"

"हो काका, तेच म्हणतोय आम्ही. पाणी आहे."

"तसं नाही! बाटलीतलं पाणी आहे!"

"हो, हो. शांत पडून राहा."

"मी ओतलं ते! हातानं! वरून!"

शिकाऊ डॉक्टर नर्सच्या कानाशी लागला, पण मला ऐकू आलं. "डोक्यावर परिणाम व्हायला लागलाय. घाई करा!"

शेवटी माझे जुने डॉक्टर आले. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि त्या एका हातानं मी किंचाळलो. त्याच वेळी बायकोनं माझ्या कापडी पिशवीतून बाटली काढली. रिकामी. ती बाटलीकडे बघत राहिली. "ही मी सकाळी काठोकाठ भरून दिली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्यांना मी ती तोंडाला लावताना बघितलं नाही."

लोक बिनपाण्यानं हजामत करतात. माझी पाण्यानं झाली.

डॉक्टरांनी नळी घातली. भांडं भरलं, दुसरं आणलं, तेही भरत आलं. त्यात मीठ होतं, रंग होता, सगळं होतं. मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं, आणि डॉक्टर मात्र माझ्यावर ओरडत होते. "मूर्ख माणसा, ग्रंथी थोडी पुन्हा वाढलीय, एवढंच! काही जणांची वाढते! इतक्या वर्षांनी थोडं पुन्हा करावं लागतं. वर्षापूर्वी आला असतास तर किडन्यांना सूजही आली नसती. नऊ वर्षं सुखात गेली की नाही तुझी? अरे, हाच चांगला निकाल आहे! तुझी रेघ आडवी आली असती, तरी तुझ्या मेहुण्याला मी हेच सांगितलं असतं!"

मेहुणे दारात उभे राहून ऐकत होते. मी म्हणालो, "ऐकलंत ना दादा? किडन्या ठीक होतील. लेझर चांगलंच आहे. थोडी दुरुस्ती लागते, बस!"

"ऐकलं," मेहुणे म्हणाले. "दाजी, मी शिंपी आहे. ठिगळाची मला कधीच भीती वाटली नाही. तुम्ही ठिगळ दाखवलं असतंत, तर मी आज आडवा झालो असतो. तुम्ही रफू केलेलं कापड कोरं म्हणून विकलंत. आता डॉक्टर सांगतायत तेही दुकानदारच सांगतोय असं वाटतं मला. मी काय करू?"

आणि पँट सावरत निघून गेले. बायको त्यांच्यामागे गेली. घरी न्यायला मला कोणी आलं नाही, मी आपली मांडीला पिशवी बांधून एकटाच आलो.

काही दिवसांनी माझ्यावर पुन्हा लेझर झालं. किडन्यांची सूज उतरली. नळी निघाली आणि काय सांगू तुम्हाला, पुन्हा धबधबा! खराखुरा! पण घरात सांगायचं कोणाला? बायको माझ्याशी गरजेपुरतं बोलायची आणि गरज फारशी पडायची नाही. ती रोज भावाजवळ जाऊन बसायची. डॉक्टरही एकदा घरी येऊन समजावून गेले. मेहुणे सगळ्यांना एकच सांगायचे, "बघू." ते चिडलेले नव्हते हो. चिडले असते तर मी समजूत काढली असती. ते घाबरलेले होते आणि ज्याचा आधार धरायचा तो मी होतो.

मग एका सकाळी त्यांच्या खोलीतून खाट हलल्याचा आवाज आला.

ताप असा की हात लावला तर चटका बसावा. ओठ निळे. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता आणा! ताप उतरवू आणि लगेच लेझर करून टाकू." पण मेहुण्यांनी खाटेची पट्टी दोन्ही हातांनी धरली. "मला तिथे नेऊ नका. नेलं की आडवं पाडाल." बायको त्यांचे पाय धरून रडत होती. "दादा, ऐक रे! माझ्यासाठी तरी ऐक!" त्यांची बोटं काही सुटेनात.

मला सुचलं ते मी केलं. तुम्ही मला काहीही म्हणा, पण दुसरं काय होतं माझ्याकडे? बाथरूम त्यांच्या खोलीला लागूनच होतं. मी म्हणालो, "दादा, बघा! दार उघडं ठेवतो. कागद नको, मशीन नको, बाटली नको. हे माझे दोन्ही हात रिकामे. नुसतं ऐका!" आणि गेलो आत.

आणि काय ती धार! उभ्या आयुष्यात तशी आली नव्हती. घर दुमदुमलं! बायको रडायची थांबली. मी मनात म्हणालो, ऐका दादा, ऐका, हे खरं आहे, हे दहा धुण्यांनंतरचं खरं आहे! ती संपूच नये असं मला वाटत होतं. संपली तेव्हा मी धावतच बाहेर आलो.

मेहुण्यांचे डोळे मिटलेले होते. दात वाजत होते, त्यातून त्यांनी कसेबसे शब्द काढले.

"नळ बंद करा, दाजी. पाणी वाया जातंय."

मी शपथा घेतल्या. पाया पडलो. चला, पुन्हा दाखवतो म्हणालो, पण आता आत काही उरलं नव्हतं. दुपारी त्यांची शुद्ध हरपली, तेव्हा कुठे पट्टीवरची बोटं सुटली आणि आम्ही त्यांना उचलून नेलं. डॉक्टरांनी सगळे उपाय केले. ताप रक्तात उतरला होता. मेहुणे परत आले नाहीत.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. मी दुकान उघडतो, केस कापतो, आरशातून कोणी "जरा एक विचारू का?" म्हणालं तर सरळ डॉक्टरचं नाव सांगतो आणि मान खाली घालून कात्री चालवतो.

परवा मी बाथरूममधून बाहेर आलो तर बायको दाराशी उभी. इतक्या दिवसांनी ती आपण होऊन माझ्याशी बोलली.

"अहो, खरं सांगा. मी काही बोलणार नाही, रागावणार नाही. त्या दिवशी नळच सोडला होतात ना?"

"नाही गं! माझ्या आईची शपथ, मीच होतो तो!"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग आत गेली आणि तिनं नळ पिळून घट्ट बंद केला.

तो बंदच होता हो!